न्यूयॉर्कहून एका दिवसात : हडसनच्या काठाने डॉ. आनंदीबाई जोशींच्या स्मृतिशिळेपर्यंत

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. मी मूळची कल्याणची, सध्या होबोकेनला (न्यू जर्सी) मास्टर्स करते आहे. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पकिप्सीला जाऊन आले. पकिप्सी हे न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीवर वसलेलं गाव, आणि तिथल्या दफनभूमीत डॉ. आनंदीबाई जोशींची रक्षा ठेवलेली आहे. आनंदीबाईंचं नाव इथल्या सगळ्या मराठी मुलामुलींना माहीत असतं. पण त्यांची रक्षा आपल्यापासून लोकलच्या एका तिकिटावर आहे, हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. म्हणून हा धागा काढते आहे. कसं जायचं तेही सांगते आणि दिवस कसा गेला तेही.

होबोकेनहून सकाळी पाथ या लोकल गाडीने ३३ व्या रस्त्याला उतरले आणि तिथून ग्रँड सेंट्रलपर्यंत चालत गेले. मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन तिथून सुटते आणि पकिप्सी हे तिचं शेवटचं स्टेशन. त्यामुळे डोळा लागला तरी उतरायचं राहून जायची भीती नाही. गाडीला पावणेदोन ते दोन तास लागतात. शनिवार-रविवारी दिवसभर ऑफ-पीक (कमी गर्दीच्या वेळेचं, स्वस्त) भाडं असतं. तिकीट ट्रेनटाइम ॲपवर आधीच काढून ठेवा, गाडीत चढल्यावर काढलं तर जास्त पैसे पडतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका : जाताना डाव्या हाताची खिडकी धरायची, येताना उजव्या हाताची. ब्रॉन्क्सची टोकाची वस्ती मागे पडली की नदी थेट रुळांच्या कडेला येते आणि पकिप्सीपर्यंत साथ सोडत नाही. कितीतरी ठिकाणी रूळ आणि पाणी यांच्यामध्ये फक्त दगडांचा बांध आहे. पलीकडच्या तीरावर पॅलिसेड्सचे उभे कडे दिसतात. आपल्याकडच्या सह्याद्रीसारखाच काळा, तप्त शिलारस थिजून झालेला खडक, खांब उभे करून ठेवावेत तसा उभा चिरलेला. ऑसिनिंगला गाडी सिंगसिंग तुरुंगाच्या आवारातून जाते, दोन्ही बाजूंना भिंती आणि पहाऱ्याचे मनोरे. क्रोटन-हार्मनला विजेची रूळपट्टी संपते, पुढचा प्रवास डिझेलवर होतो.

पीकस्किल सोडलं की नदी डोंगरांत शिरते. हा अर्ध्या तासाचा पट्टा सगळ्यात देखणा. बेअर माउंटनचा झुलता पूल, मग पलीकडे कातळावर बांधलेली वेस्ट पॉइंटची लष्करी अकादमी, मग कोल्ड स्प्रिंग, मग एक बोगदा. बोगद्यातून बाहेर पडताच डावीकडे नदीत एक बेट आणि त्यावर किल्ल्याचे पडके बुरूज दिसतात. हा बॅनरमनचा किल्ला. जुन्या लष्करी सामानाच्या एका व्यापाऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दारूगोळा ठेवायला हे कोठार बांधलं. १९२० मध्ये दारूचा स्फोट झाला आणि १९६९ मध्ये आग लागली. आता नुसत्या भिंती उरल्यात. पापणी लवायच्या आत गाडी पुढे जाते, तेव्हा मोबाइल आधीच काढून तयार ठेवा.

ऑक्टोबर असल्यामुळे दोन्ही तीर पिवळे, केशरी, तांबडे झाले होते. गाडीत डोंगर चढायला निघालेल्या तरुण पोरांची गर्दी होती, ती सगळी कोल्ड स्प्रिंग आणि बीकनला उतरली. शेवटच्या स्टेशनला डब्यात अगदीच थोडे जण राहिलो.

स्टेशनपासून पकिप्सी रूरल सिमेटरी दक्षिणेला साधारण दोन मैलांवर आहे, साउथ अॅव्हेन्यूवर. मी चालत गेले. रस्ता काही खास नाही, वेळ कमी असेल तर सरळ टॅक्सी करा. आठवडाभर आधी मी तिथल्या ऑफिसला ईमेल करून जागा विचारली होती, त्यांनी नकाशावर खूण करून पाठवली. हे जरूर करा. जागा प्रचंड आहे, चढउताराची, आणि नुसतं फिरत राहून दगड सापडणं कठीण. विचारताना जोशी हे आडनाव आनंदीबाई लिहीत तसं, म्हणजे शेवटी दोन 'ई' घालून, लिहा. त्यांच्या नोंदीत तसंच आहे.

दफनभूमी म्हटल्यावर मनात जे चित्र येतं तसं इथे नाही. मोठमोठे मेपल आणि ओक, वळणांचे रस्ते, खारी. लोक कुत्री घेऊन फिरत होते. व्हासर कॉलेज काढणारे मॅथ्यू व्हासर इथेच पुरले गेलेत, त्यांच्या थडग्यावर ओकच्या फळाच्या आकाराचा दगड आहे. १८६१ मध्ये मुलींच्या उच्च शिक्षणासाठी आपली संपत्ती देणारा हा माणूस आणि शिकण्यासाठी समुद्र ओलांडून आलेल्या आनंदीबाई एकाच आवारात आहेत, हे मला तिथे गेल्यावरच उमगलं. पुढे कितीतरी वेळ तेच डोक्यात होतं.

आनंदीबाईंचा दगड त्यांना अमेरिकेत आधार देणाऱ्या कार्पेंटर मावशींच्या घराण्याच्या जागेत आहे. फार मोठा नाही. वर नाव, एम. डी. ही पदवी, १८६५ ते १८८७ ही साले, आणि खाली लिहिलंय की शिक्षण घेण्यासाठी भारत सोडणारी ही पहिली ब्राह्मण स्त्री. पायथ्याशी कुणीतरी वाहिलेली शेवंती वाळून गेली होती. म्हणजे माझ्या आधी थोड्याच दिवसांपूर्वी कुणीतरी येऊन गेलं होतं. मी गावातून घेतलेली फुलं ठेवली आणि शेजारच्या गवतावर बसले.

त्यांची रक्षा इथे कशी आली, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनरी मंडळींना लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते वाचलं आणि ओळखदेख नसताना मदतीचं पत्र धाडलं. पत्रांतूनच दोघींचं मावशी-भाचीचं नातं जुळलं. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा सोबत नव्हता. त्यांना नुकतंच अठरावं पूर्ण झालं होतं. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि कार्पेंटर मावशींच्या घरी गेल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ ला एम. डी. झाल्या. त्याच वर्षी परत निघाल्या, पण क्षय सोबत घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावं पूर्ण व्हायला महिनाभर होता. गोपाळरावांनी रक्षा मावशींकडे पाठवली आणि मावशींनी ती आपल्या माणसांच्या शेजारी ठेवली.

हे सगळं मी आधी वाचलं होतं. तरी तिथे बसल्यावर त्यांच्या आयुष्यातला विद्यार्थिदशेचा भाग मला पहिल्यांदा जवळचा वाटला. आपण त्यांना तसबिरीत बघतो, 'पहिल्या' म्हणून बघतो. पण त्या इथे आल्या तेव्हा आपल्यासारख्याच होत्या. फीची चिंता, थंडी सोसत नाही, खायचे हाल, घरून पत्र कधी येईल त्याची वाट. आणि आपल्याला निदान आधी येऊन गेलेल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात. त्यांच्या आधी या वाटेने गेलेलं कुणी नव्हतंच.

त्या उतरल्या तेव्हाचं न्यूयॉर्क कसं असेल, हे परतीच्या गाडीत शोधत बसले. ब्रुकलिन ब्रिज २४ मे १८८३ ला खुला झाला, म्हणजे त्या पोचायच्या अकराच दिवस आधी. बंदरात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा नव्हता, तो १८८६ च्या ऑक्टोबरात उभा राहिला. आणि ज्या रोझेलला त्या राहायला गेल्या, त्या गावात त्याच वर्षीच्या जानेवारीत एडिसनने खांबांवरून तारा ओढून विजेचे दिवे लावले होते. तशी सोय असलेलं ते पहिलंच गाव. कल्याणच्या वाड्यात समईच्या उजेडात वाढलेली मुलगी थेट त्या गावात जाऊन राहिली!

दुपारी मेन स्ट्रीटवर पोटपूजा केली आणि हडसनवरच्या पादचारी पुलावर गेले. स्टेशनपासून नदीकाठाने पाच-दहा मिनिटं चाललं की काचेची लिफ्ट आहे, ती थेट पुलावर नेऊन सोडते. लिफ्टलाही पैसे नाहीत, पुलावर जायलाही नाहीत. मूळचा हा १८८९ चा रेल्वे पूल. १९७४ मध्ये आग लागली आणि गाड्या बंद झाल्या. तसाच पडून राहिलेला पूल लोकांनी पैसे उभे करून २००९ मध्ये चालण्यासाठी खुला केला. लांबी १.२८ मैल, पाण्यापासून उंची २१२ फूट. मधोमध उभं राहिलं की उत्तरेला नदी सरळ दूरवर जाताना दिसते, दक्षिणेला मिड-हडसनचा झुलता पूल, आणि पायाखालून मालवाहू बोट जाते. वारा सडकून असतो. जॅकेट हवंच, शहरात ऊन असलं तरी.

संध्याकाळी सहाच्या सुमाराची गाडी पकडून रात्री घरी. सगळा खर्च तिकीट, एकवेळचं जेवण आणि फुलं इतकाच. कुणी जाणार असेल तर जरूर विचारा, जमेल ते सांगेन.

पानगळ

फार आवडलं. मी न्यूअर्कला आहे, दोन वर्षं झाली, आणि खरंच यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही पाच-सहा जणं थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जायचं म्हणतोय. तेव्हा पानगळ संपलेली असेल ना? मग जाण्यात अर्थ आहे का?

खाडीकाठ

@पानगळ, जाच. पानं झडलेली असली की गाडीतून डोंगर आणि पलीकडचा तीर उलट जास्त स्वच्छ दिसतो. फक्त दिवस लहान असतो, साडेचारला सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी लवकर निघा. पुलावरची लिफ्ट हिवाळ्यात बंद ठेवतात. जायच्या आधी बघून घ्या. बंद असेल तर गावातल्या बाजूच्या प्रवेशद्वाराने जायचं, स्टेशनपासून चढाचा रस्ता आहे पण फार लांब नाही.

जर्सीकर

खाडीकाठ, शाबास! आम्ही इकडे पंचवीसेक वर्षं आहोत. मुलं लहान असताना त्यांना घेऊन गाडीने गेलो होतो. दफनभूमीच्या आत गाडी नेता येते, रस्ते अरुंद आहेत एवढंच. गाडी असेल तर थोडं उत्तरेला हाइड पार्कला फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं घर आहे, तेही त्याच दिवशी होतं. घरामागच्या उतारावरून हडसन दिसते.

रोझेलबद्दल तू लिहिलंस ते वाचून आनंद झाला. आमच्या घरापासून ते दहा मिनिटांवर. गाडीने यायचं नसेल तर न्यूअर्कहून रॅरिटन व्हॅली लाइनने रोझेल पार्कला उतरायचं, रोझेल तिथून चालत जाता येतं. साधं, झाडीचं गाव आहे. मी मुद्दाम सांगतो, कारण आनंदीबाईंचं अमेरिकेतलं पहिलं घर या गावात होतं आणि आपली इतकी माणसं आसपास राहूनही तिकडे कुणी फिरकत नाही. पुढच्या वेळी आमच्याकडे जेवायला ये, तुला गावात फिरवून आणतो. काकू वाट बघते आहे असं समज.

डॉक्टरीण

मी स्वतः डॉक्टर आहे, रेसिडेन्सी फिलाडेल्फियात केली. थोडी भर घालते.

आनंदीबाईंच्या कॉलेजची स्थापना १८५० ची. बायकांना एम. डी. करण्यासाठी काढलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या कॉलेजांपैकी हे एक. त्याचे जुने कागद आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. १८८५ च्या ऑक्टोबरात काढलेलं ते सुप्रसिद्ध छायाचित्र तिथलंच : साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली आपल्या देशी वेषात, तिघी शेजारी शेजारी. रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळ्यांनी मी अगदी खचले होते. त्या दिवसांत हे छायाचित्र मी फोनवर ठेवलं होतं. तिघींचे चेहरे बघा, कुणी हसत नाहीये, कुणी घाबरलेलंही नाही.

त्यांच्या प्रबंधाचा विषय आपल्याकडची हिंदू प्रसूतिविद्या होता. स्वतः चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, ते मूल दहा दिवसांत गेलं, आणि पुढे अभ्यासाला हा विषय घेतला. डॉक्टर म्हणून मला हे फार मोठं वाटतं. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या.

आणि आणखी एक नाव, जे सहसा कुणी घेत नाही : डॉ. गुरुबाई करमरकर. याच कॉलेजातून १८९२ मध्ये पदवी घेऊन त्या मुंबईला परतल्या आणि मिशनच्या कामात राहून बायका-मुलांवर वर्षानुवर्षं उपचार केले. आनंदीबाईंना जे करता आलं नाही ते गुरुबाईंनी केलं. विद्यार्थ्यांनी पकिप्सीबरोबर फिलाडेल्फियाचाही एक दिवस जरूर काढावा.

पंचगंगा

माझं गाव कोल्हापूर, म्हणून लिहितोय. परत आल्यावर आनंदीबाई आमच्या संस्थानच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख होणार होत्या, नेमणूक झाली होती. तेच आजचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय. माझी आजी तिथेच बाळंतीण झाली, आई तिथलीच. तो विभाग बघताना दर वेळी वाटतं, ही बाई इथे दहा वर्षं जरी मिळाली असती तरी कितीतरी जीव वाचले असते. लेख वाचून गलबललं.

घाटमाथा

लेख छान. एक शंका : आनंदीबाई भारताच्या पहिल्या महिला डॉक्टर, असं आपण शाळेपासून वाचत आलो. पण बंगाली मित्र कादंबिनी गांगुलींचं नाव घेतात. नक्की कोण?

डॉक्टरीण

@घाटमाथा, दोघींची पदवी १८८६ चीच. आनंदीबाईंची अमेरिकेतली, कादंबिनींची कलकत्ता मेडिकल कॉलेजातली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया म्हणून दोघींचीही नावं घ्यावीत, त्यात कुणाचं काही कमी होत नाही. प्रॅक्टिस म्हणाल तर ती कादंबिनींनी पुष्कळ वर्षं केली, आनंदीबाईंना ती संधी मिळालीच नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या, दीर्घकाळ डॉक्टरकी करणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांत डॉ. रखमाबाईंचं नाव घ्यायलाच हवं. बालविवाह नाकारून कोर्टात उभ्या राहिल्या, लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये एम. डी. झाल्या आणि पुढे सुरत-राजकोटला आयुष्यभर काम केलं.

दिवेलागण

धागा मनापासून आवडला, तरी एक खटकलं ते सांगते. लेखिकेचं नाही, दगडावरचं. इतकी मोठी कामगिरी आणि तिथे कोरायला जात हवी होती? परदेशातल्या माणसाने तो दगड वाचला तर त्याला काय समजणार? मला 'भारतीय स्त्री' एवढंच वाचायला आवडलं असतं.

सदाफुली

@दिवेलागण, खटकणं समजू शकते. पण तो दगड त्या काळाचा कागद आहे असं मी मानते. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरला (बंगालमधलं) जाहीर भाषण केलं होतं. परदेशी गेलं की जात जाते असं सगळे म्हणत असताना त्यांनी तिथे ठणकावून सांगितलं, की हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. मिशनरी मंडळींची मदत धर्मांतर केलं असतं तर सहज मिळाली असती. त्यांनी ती वाट धरली नाही. समुद्र ओलांडायला ब्राह्मण घरात मनाई होती. ती त्यांनी मोडली, म्हणून तो शब्द तिथे आला.

दिवेलागण

@सदाफुली, हे मान्य. पण त्याच पुण्यात सावित्रीबाई १८४८ पासून मुलींना शिकवत होत्या, आणि मुक्ता साळवेसारखी मातंग समाजातली मुलगी १८५५ मध्ये निबंध लिहून आपल्या लोकांचं दुःख मांडत होती. म्हणून तो शब्द वाचताना ज्यांना समुद्रापर्यंत पोचायचा रस्ताच नव्हता त्या मुलीही आठवाव्यात, एवढंच माझं म्हणणं. आनंदीबाईंविषयीचा आदर तसूभरही कमी नाही.

खाडीकाठ

@दिवेलागण, @सदाफुली, तिथे बसले असताना मीही त्या ओळीशी अडखळले होते. दिवेलागण म्हणतात ते मनात ठेवूनच तो दगड वाचायला हवा असं मला वाटतं. पण त्या ओळीपेक्षा मला दगडाची जागा जास्त बोलकी वाटली. सख्ख्या नात्यातली नाही, धर्माची नाही, देशाची नाही, आणि तरी एका घरच्या माणसांनी तिला आपल्या कुळाच्या जागेत घेतलं. कार्पेंटर मावशींचं हे ऋण आपण मराठी माणसांनी उघडपणे मानलं पाहिजे. मी आनंदीबाईंच्या फुलांतली दोन मावशींच्या नावाने ठेवून आले.

नाममात्र

हडसन लाइनने जाणाऱ्यांसाठी एक जोड. याच गाडीचा पहिला थांबा हार्लेम-१२५ वा रस्ता. परतताना तिथे उतरलात तर कोलंबिया विद्यापीठ फार लांब नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथे शिकले. लेहमन ग्रंथालयात त्यांचा अर्धपुतळा आहे. आवारात प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्यामुळे तिथे शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला सोबत घ्या. मी दरवर्षी १४ एप्रिलच्या आसपास जातो. आमचे वडील गिरणीत होते, मी घरातला पहिला पदवीधर. ज्या विद्यापीठात बाबासाहेब बावीस-तेविसाव्या वर्षी पुस्तकं उपसत बसायचे, त्या इमारतींमधून चालताना मला जे वाटतं ते इथे लिहून सांगता येणार नाही. पकिप्सी आणि कोलंबिया, दोन्ही ठिकाणी आपला एकेक विद्यार्थी आहे असं धरून जा.

खाडीकाठ

@नाममात्र, हे वाचून डोळे भरून आले. पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही जाल तेव्हा मला यायला आवडेल.

भरतीची_गाज

मीही कल्याणचा, म्हणून विचारतो. तुमचा आयडी बघून वाटलं, तुम्ही पुलावरून पाणी नीट पाहिलं असणार. हडसनला ट्रॉयच्या धरणापर्यंत भरती-ओहोटी आहे, म्हणजे पकिप्सीलाही पाणी दिवसातून दोनदा उलटं वाहतं. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखाली खाडीत आपण बघत आलो तेच. तुम्ही गेलात तेव्हा भरती होती का?

खाडीकाठ

@भरतीची_गाज, पाहिलं! मी पुलावर होते तेव्हा पाणी वर उत्तरेकडे चढत होतं. एक लाकडाचा ओंडका पुलाखालून आला आणि समुद्राकडे जायच्या ऐवजी हळूहळू उलट दिशेला गेला. शेजारी उभ्या असलेल्या आजींना मी ते दाखवलं, तर त्या म्हणाल्या की इथल्या मूळ रहिवाशांनी नदीचं नावच दोन्हीकडे वाहणारं पाणी असं ठेवलं होतं. मग त्यांना मी आपल्या खाडीबद्दल सांगितलं आणि खाली गावात कुणाला भेटून आले तेही. त्या जन्मभर पकिप्सीत राहिल्या होत्या, पण आनंदीबाईंचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी स्पेलिंग विचारून वहीत लिहून घेतलं.

शेवंता_काकू

बाळा, किती सुंदर लिहिलंस. आम्ही दोघं मे महिन्यात लेकीकडे जर्सी सिटीला येतोय. माझे गुडघे दुखतात, ह्यांची बायपास झाली आहे. आम्हाला हे झेपेल का? मला तिथे जायचंच आहे. माझी आई नर्स होती, तिच्या खोलीत आनंदीबाईंचा फोटो असायचा.

खाडीकाठ

काकू, नक्की झेपेल, मे महिना तर उत्तम. फक्त दिवसाची आखणी अशी करा. गाडी दहाच्या सुमाराची घ्या, त्याआधीची धावपळ नको. ग्रँड सेंट्रलला फलाटापर्यंत बरंच चालावं लागतं, अर्धा तास हाताशी ठेवा. पकिप्सीला उतरलात की चालत जाऊ नका, टॅक्सीने थेट दफनभूमीत जा आणि ती दगडाच्या जवळच्या रस्त्यापर्यंत आत न्यायला सांगा. तिथून गवतावरून थोडंच चालायचं आहे, पण जमीन उंचसखल आहे, म्हणून लेकीचा हात धरा. टॅक्सी थांबवून ठेवा किंवा परतीची आधीच सांगून ठेवा, आवारात उभं राहून गाडी मिळायला वेळ लागतो.

पूल पूर्ण सपाट आहे, व्हीलचेअरवरची माणसंही येतात. लिफ्टने वर जा, मध्यापर्यंत गेलात तरी सगळं दिसतं. सावली मात्र नाही, काकांना टोपी हवी. फुलं गावातूनच घ्या. दिवा, उदबत्ती लावू नका आणि खायचं काही ठेवू नका, तिथे ते चालत नाही. लेकीला ऑफिसचा ईमेल मी व्यक्तिगत निरोपातून कळवते. शनिवारी येणार असाल तर तारीख सांगा, माझी परीक्षा नसेल तर मी ग्रँड सेंट्रललाच भेटते आणि सोबत येते.

शेवंता_काकू

१७ तारखेचा शनिवार बघतोय. तुझ्यासाठी भाजणी आणि मेतकूट घेऊन येते, आणखी काय हवं ते सांग.